आठवे कारण

संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धाला विचारतो : माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, तुमचे काय म्हणणे? उत्तरादाखल बुद्ध आठ कारणे मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूंचा फेरपालट, निगा राखण्यातली हयगय, बाहेरून अचानक झालेला आघात, आणि आठवे कर्माचा विपाक. या कारणांमुळे दुखणी येतात हे माणसाला स्वतःला कळू शकते, जगही ते खरे मानते. तरीही जो सगळेच पूर्वकर्मावर ढकलतो तो स्वतःच्या अनुभवाला आणि लोकांच्या अनुभवालाही ओलांडून बोलतो, असा या उत्तराचा रोख आहे. कर्मविपाक इथे नाकारलेला नाही, त्याला आठांतली एक जागा दिली आहे. ती शेवटची असावी यात काही हेतू होता की नाही, यावर पंडितांनी हवा तेवढा वाद घालावा. मला तो क्रम फार मोलाचा वाटतो.

या प्रश्नाची आजची जागा आयसीयूबाहेरच्या बाकड्यापाशी आहे. ऑपरेशन नीट पार पडलेले असते, टाके कोरडे असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाला धाप लागते, ऑक्सिजन उतरतो, छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना पांढरट छाया पसरलेली दिसते. रुग्णाला आधीपासून रूमटॉइड संधिवात, ल्युपस, स्क्लेरोडर्मा किंवा मायोसायटिस यांपैकी काहीतरी असते. म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, स्नायूंवर, रक्तवाहिन्यांवर चालून जाते असा आजार. बाकड्यावर बसलेली माणसे म्हणतात, ‘नशिबात होतं.’ आतून बाहेर आलेले डॉक्टर म्हणतात, ‘ही नोन कॉम्प्लिकेशन आहे, फॉर्मवर लिहिलेलं होतं.’ पहिले वाक्य श्रद्धेच्या भाषेतले, दुसरे शास्त्राच्या. पण दोघांचा उपयोग एकच होतो : पुढचा प्रश्न थांबतो. माझे म्हणणे असे की पहिल्या वाक्याला माणूस म्हणून आपण समजून घेऊ शकतो. दुसऱ्याची मात्र नीट झडती घ्यायला हवी. गुंतागुंत आधीपासून माहीत होती, ही गोष्ट घडून गेल्यावर सबब म्हणून पुढे करता येत नाही. माहीत होते म्हणूनच आधी काही करणे बंधनकारक होते. दैवाचे नाव घ्यायचे तर ते बाकीच्या सात रकान्यांचा हिशेब मांडून झाल्यावर.

हे बंधन नेमके कशाचे, ते फुफ्फुसाकडे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. भूल चढल्यावर काही मिनिटांतच फुफ्फुसांचा खालचा, पाठीकडचा भाग थोडाफार मिटतो. हे धडधाकट माणसातही होते. पोटाच्या वरच्या भागात छेद असेल तर श्वासपटल पुढचे काही दिवस मलूल राहते, खोल श्वासाची मात्रा निम्म्यावर येऊ शकते, आणि टाके दुखतात म्हणून रुग्ण खोकत नाही. निरोगी माणूस एवढे निभावून नेतो, कारण त्याच्या गाठीला शिल्लक असते. स्क्लेरोडर्मात ती शिल्लक फुफ्फुसांच्या घट्ट होत गेलेल्या जाळीत आणि फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या वाढलेल्या दाबात आधीच खर्ची पडलेली असते. आज या आजारात सर्वाधिक मृत्यू फुफ्फुसांमुळेच होतात. शिवाय अन्ननलिका सैल पडलेली असते, त्यामुळे पोटातले आम्ल वर येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका भूल देताना वाढतो. मायोसायटिसमध्ये श्वास ओढणारे स्नायूच दुबळे असतात. ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या करणारी प्रतिद्रव्ये असतात. पायात धरलेली गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन बसते. जुन्या रूमटॉइड संधिवातात मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवर सरकलेले असू शकतात, स्वरयंत्राचा चिमुकला सांधाही सुजलेला असतो, आणि नळी घालण्यासाठी मान मागे करणेच धोक्याचे ठरते. केसपेपरवर या सगळ्यांसाठी ‘ऑटोइम्यून’ असा एकच शब्द पडतो. त्या एका शब्दाआड निदान पाच वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेवर उभे राहायचे ठिकाण वेगळे.

आता ‘नोन’ म्हणजे कोणाला माहीत, हे विचारू. 2010 साली प्रसिद्ध झालेली अ‍ॅरिस्कॅट ही गुणपद्धती शस्त्रक्रियेनंतरच्या फुफ्फुसाच्या गुंतागुंतीचा अंदाज बांधण्यासाठी जगभर वापरली जाते. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या 59 रुग्णालयांतील 2,464 रुग्णांवरून ती तयार झाली. त्यांपैकी 5 टक्के रुग्णांना अशी गुंतागुंत झाली होती. ती सात गोष्टी विचारते : वय, रक्तातला ऑक्सिजन, गेल्या महिन्याभरात श्वसनमार्गाचा संसर्ग, रक्तक्षय, छेद कुठे, ऑपरेशन किती वेळ चालणार, आणि ते तातडीचे आहे का. स्क्लेरोडर्माला या सातांत जागा नाही. पद्धतीचा हा दोष म्हणता येणार नाही. हजारोंच्या गर्दीत असे रुग्ण मुळात थोडे. आता त्यातला ऑक्सिजनचा आकडाच घ्या. स्क्लेरोडर्माच्या बहुतेक रुग्णांची बोटे थंडीने पांढरी-निळी पडतात, त्यांतले रक्त आटते. अशा बोटाला लावलेला चिमटा कधी आकडाच दाखवत नाही, कधी चुकीचा दाखवतो. तिथे कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर सेन्सर लावावा लागतो. दुसरा प्रश्न फिटनेस देताना हमखास विचारला जाणारा : जिना चढताना दम लागतो का? गुडघे धरल्यामुळे जी बाई वर्षभर जिनाच चढलेली नाही ती ‘नाही’ म्हणते, आणि ते खरेच असते. तिच्या फुफ्फुसांतला दोष तिच्या गुडघ्यांनी झाकलेला असतो. अशा वेळी छातीला स्टेथोस्कोप लावून पाठीच्या तळाशी नीट ऐकणे, शंका आली तर एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी करणे, हे न करता कागदावर पडलेला ‘कमी धोका’ हा शब्द म्हणजे गर्दीविषयीची माहिती झाली. या बाईविषयी अजून काहीच कळलेले नाही.

जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने 1866 सालीच संभाव्यतेवरच्या आपल्या ग्रंथात ही अडचण मांडली होती : प्रत्येक माणूस एकाच वेळी अनेक वर्गांत मोडतो, आणि कोणता वर्ग धरला त्यावर त्याच्या बाबतीतला आकडा ठरतो. ‘पित्ताशयाची शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रिया’ हा एक वर्ग, ‘फुफ्फुसे घट्ट झालेल्या स्क्लेरोडर्माच्या स्त्रिया’ हा दुसरा. रुग्ण एकच, आकडे मात्र दोन. म्हणून कोणता वर्ग धरायचा हे ठरवणे हा गणिताइतकाच सचोटीचा प्रश्न आहे. न्यायालयांनाही तो टळलेला नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली संमतीविषयी निकाल देताना रुग्णाला महत्त्वाचे धोके सांगणे आवश्यक ठरवले, अतिदूरच्या, केवळ तात्त्विक धोक्यांची यादी वाचून दाखवण्याची मात्र गरज नाही असे म्हटले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली एक पाऊल पुढे जाऊन, त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगितला पाहिजे, असा निकष ठेवला. एकासाठी अतिदूर असलेला धोका दुसऱ्याच्या उंबरठ्याशी असतो, हे एकदा मान्य केले की सगळ्यांसाठी असलेले एकच छापील संमतीपत्र फारसे काही सिद्ध करत नाही. त्यावरची सही कागद मिळाल्याची पोच देते. कोणी कोणाला काय समजावून सांगितले, ते त्या सहीवरून कळत नाही.

यावरचा पहिला आक्षेप धर्मविचारातूनच येतो, आणि तो रास्त आहे. कर्मसिद्धान्त म्हणजे दैववाद नव्हे, तुम्ही त्याची टर उडवता आहात, असे कोणी म्हणेल. मला टर उडवायची नाही, उलट साक्षीला बोलवायचे आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, सर्वांचे आयुष्य ठरलेलेच असते का? आत्रेय म्हणतात, ठरलेले असते तर औषधे, पथ्य, शांतिकर्मे कशाला हवी होती आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोणी बाजूला कशाला झाले असते? दैव म्हणजे पूर्वीच्या देहातले कर्म, पुरुषकार म्हणजे इथले. आयुष्य दोन्हींच्या जोरावर चालते. तिथला गाडीच्या आसाचा दृष्टान्त शल्यविभागात लावून ठेवावा इतका चोख आहे : चांगला आस आपल्या मानाने झिजून यथाकाळ संपतो, आणि तोच आस जास्त ओझे, खराब रस्ता, वंगणाचा अभाव यांनी अध्येमध्येच मोडतो. दुसऱ्या मोडण्याला काळ आला होता असे म्हणणे गाडीवानाला शोभत नाही. टिळकांनी गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे अख्खे प्रकरण याच जोडीवर लिहिले, आणि कर्माच्या साखळीतही माणसाच्या स्वातंत्र्याला जागा ठेवली. आंबेडकरांची भूमिका याहून कडक. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये ते पूर्वजन्माच्या कर्माने आजच्या दुःखाचा उलगडा करण्यावरच बोट ठेवतात, कारण तशा उलगड्याने समाज आणि शासन आपली जबाबदारी झटकायला मोकळे होतात. टिळक आणि आंबेडकर एका बाजूला येण्याचे प्रसंग थोडे. पण दैव पुढे करून हातातले काम टाळू नये, यावर दोघांचाही कौल मिळेल असे मला वाटते.

दुसरा आक्षेप वैद्यकातला. करण्यासारखे होते काय, हे आज शहाणपणाने सांगता येते. त्या क्षणी ते इतके स्वच्छ नसते. औषधांचेच पाहा. 1952 साली अमेरिकेत अशी नोंद झाली की संधिवातासाठी कॉर्टिसोन घेणारा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर शॉकमध्ये दगावला. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉईडमुळे त्याच्या अधिवृक्क ग्रंथी काम करेनाशा झाल्या होत्या. त्यानंतर कित्येक वर्षे अशा रुग्णांना ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉईडचे भारी डोस देण्याची रीत पडली. आता सांधेरोपणाच्या वेळी नेहमीचाच डोस चालू ठेवावा असे सांगितले जाते. मेथोट्रेक्सेटची कथा तर उलट्या बाजूने बोलकी आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी ऑपरेशनआधी थांबवली नाही तर जंतुसंसर्ग होणारच, हे अगदी सरळ वाटे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत 388 रुग्ण होते. गोळी चालू ठेवलेल्यांत संसर्ग आणि शस्त्रक्रियेच्या इतर गुंतागुंती 2 टक्के, थांबवलेल्यांत 15 टक्के. सरळ तर्क सपशेल आडवा पडला. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण शल्यविशारदांच्या 2017 आणि 2022 सालच्या मार्गदर्शनानुसार गुडघा-खुब्याच्या रोपणावेळी मेथोट्रेक्सेट चालू ठेवायचे, आणि जैविक इंजेक्शनांचा मात्र एक डोस चुकवून मग ऑपरेशन करायचे. म्हणजे आक्षेप अर्धा बरोबर आहे : शहाणपण बदलत राहते. पण ते बदलले ते मोजल्यामुळे. ‘व्हायचे ते झाले’ म्हणून प्रत्येक वेळी वही मिटली असती, तर 2 आणि 15 हे दोन आकडे एकमेकांशेजारी आलेच नसते.

तरीही खरोखर हातात नसलेले काही उरते, आणि ते नाकारणे अप्रामाणिक होईल. जपानमध्ये 61 संस्थांनी मिळून, फुफ्फुसे आधीच घट्ट झालेल्या आणि कर्करोगासाठी फुफ्फुसाचा भाग काढलेल्या 1,763 रुग्णांची माहिती गोळा केली. त्यांतल्या 9.3 टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर मूळ आजार एकाएकी भडकला, आणि भडकलेल्यांपैकी 43.9 टक्के दगावले. हे सगळे ऑटोइम्यूनचे रुग्ण नव्हते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलून लावता येणार नाहीत. पण भडका तोच. प्रतिबंध म्हणून दिलेल्या स्टेरॉईडसारख्या औषधांचा फायदा दिसला नाही. धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी सापडल्या त्यांत पुरुष असणे, पूर्वी कधी असा भडका उडालेला असणे, सीटी स्कॅनवरची विशिष्ट नक्षी होती; यांवर कोणाचा इलाज नाही. एक गोष्ट मात्र निवडीची होती : फुफ्फुसाचा किती भाग काढायचा. लहान पाचर काढली तर भडक्याचा धोका कमी, पण कर्करोग मागे राहण्याची भीती. इथे चूक-बरोबर सांगणारा कोणी नाही. दोन भयांतले एक पत्करायचे, आणि ते कोणाचे आयुष्य आहे त्याने पत्करायचे.

हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे लिहिण्याची रीत शल्यवैद्यकात कोणी घातलीच नाही असे नाही. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यविशारदाने स्वतःच्या छोट्या रुग्णालयात 1911 ते 1916 या काळातल्या 337 रुग्णांचे पुढे काय झाले याचा माग ठेवला आणि 123 चुका छापून जाहीर केल्या. ज्ञान कमी पडले, कौशल्य कमी पडले, निर्णय चुकला, उपकरण कमी पडले, निदान चुकले, असे त्याचे रकाने. आणि एक वेगळा रकाना शस्त्रक्रियेतल्या आपत्तींचा, ज्यांवर आज आपला काही ताबा नाही अशांचा. त्याही लोकांपुढे मान्य कराव्यात आणि त्या कशा टळतील याचा अभ्यास व्हावा, असे त्याने लिहिले. बॉस्टनच्या वैद्यकमंडळींनी त्याचे फार कौतुक केले असे नाही. माझ्या मते आठवे कारण आधुनिक भाषेत कोणी नीट लिहिले असेल तर त्याने. दैवालाही त्याने वहीत जागा दिली. फक्त आधीचे रकाने कोरे ठेवून तिथे उडी मारली नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कारणे शोधू लागलो की शेवटी रुग्णालाच दोषी धरले जाईल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्यांवर झालेली, 2018 साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने केवळ अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम का आणि कसे करायचे हे समजावले, तर फुफ्फुसाच्या गुंतागुंती 27 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आल्या. आपल्याकडे या आकड्याचा सोपा अर्थ लावला जाईल : रुग्णाने व्यायाम केला नाही, ‘पेशंट कोऑपरेट करत नव्हता.’ पण श्वासाच्या व्यायामासाठी बिछान्याशेजारी ठेवलेले ते तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र हातात घेऊन बघा. स्क्लेरोडर्मात ओठ आवळलेले, तोंड लहान झालेले. त्या नळीभोवती ओठ घट्ट बसतच नाहीत, हवा बाजूने निसटते आणि एकही गोळी उठत नाही. रूमटॉइडने वाकलेल्या बोटांत यंत्र उभे धरले जात नाही. दोष शोधायचा तर तो आधी इथे शोधावा : हे यंत्र या तोंडाला, या हाताला चालेल का, हे ऑपरेशनआधी कोणी पाहिले होते का? त्या चाचणीतला अर्धा तास रुग्णाने दिला तसा रुग्णालयानेही दिला होता. निगा राखण्यातली हयगय हे बुद्धाच्या यादीतले सहावे कारण एकट्या आजाऱ्याच्या माथी मारायचे नाही.

आणि डॉक्टरच्या माथी? कारणमीमांसेचा शेवट काचा फुटण्यात होतो, ही भीती पोकळ नाही. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला 2010 साली वेगळा कायदा करावा लागला. पण कारण शोधणे आणि गुन्हेगार शोधणे ही दोन कामे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली स्पष्ट केले की साधी निर्णयातली चूक किंवा अपघात म्हणजे फौजदारी निष्काळजीपणा नव्हे. संताप बहुधा उसळतो तो काही कळू दिले नाही की. ज्या नातेवाइकांना आधीच सांगितलेले असते की तुमच्या आईची फुफ्फुसे निम्मीच चालतात, गळ्याशी आम्ल येते, मान नाजूक आहे, म्हणून पाठीतून भूल देणार, एक रात्र आयसीयूत ठेवणार, आणि एवढे करूनही आजार भडकू शकतो, त्यांनी नंतर ‘नशिबात होतं’ म्हटले तर ते वाक्य त्यांचे असते, त्यांना ते आधार देते, सही करणाऱ्या मुलीला रात्री झोप लागू देते. ते त्यांच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेच वाक्य, किंवा त्याचे शास्त्रीय भाषांतर, छाती न तपासलेल्या डॉक्टरने उच्चारले तर त्याचा आधार कोणाला मिळतो? बोलणाऱ्याला. म्हणून त्याने आधी केसपेपर उघडावा आणि सांगावे की सेन्सर बोटाला लावला होता की कानाला, एचआरसीटी केव्हा झाला, गोळी कोणी थांबवली आणि का.